ताप-तपासणी स्कोअर, कोल्हापूर : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

साथ आली की ताप ओपीडीच्या दारात रांग लागते, किट मोजके असतात आणि आरटी-पीसीआरचा रिपोर्ट यायला वेळ जातो. त्या दारात बसलेल्या सिस्टरला दीड मिनिटात भरता येईल असा एकपानी फॉर्म करायचा. त्यावरून एकच आकडा काढायचा: समोरच्या माणसाला संसर्ग असण्याची शक्यता किती. नमुन्याला कोविड घेतला आहे, कारण लक्षणं आणि चाचण्या यांचा ताळा करता येईल अशी माहिती त्याचीच सगळ्यात जास्त आहे. फॉर्म मात्र श्वसनमार्गाच्या कुठल्याही नव्या साथीला थोड्या फेरफाराने चालला पाहिजे.

वय, शुगर आणि बीपी फॉर्ममध्ये घ्यायचे की नाही, यावर पहिली चर्चा झाली. घ्यायचे, पण वेगळ्या चौकटीत. संसर्ग झालाय का हा एक प्रश्न आणि झाला तर अंगावर येईल का हा दुसरा. मधुमेह, बीपी, मूत्रपिंडाचा आजार, साठीपुढचं वय हे दुसऱ्या प्रश्नाचे मोहरे आहेत, पहिल्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूतली अ, ब, क वर्गवारी अनेकांच्या डोक्यात अजून पक्की बसलेली आहे, आणि ती औषध कुणाला द्यायचं, भरती कुणाला करायचं हे ठरवण्यासाठी होती. संसर्ग ओळखायचं काम तिच्याकडे नव्हतंच. दोन्ही प्रश्न एका बेरजेत घातले की सत्तरीतली शुगरवाली आजी कसलंही लक्षण नसताना रांगेत पुढे येते आणि वास गेलेला पंचविशीतला यंत्रमाग कामगार घरी जातो. तो जाऊन पुन्हा लूमवरच उभा राहणार.

म्हणून फॉर्मला दोन चौकटी. डावीकडे 'संसर्ग', उजवीकडे 'धोका'. दोन्हींची बेरीज करायची नाही.

उजव्या चौकटीला एक वेगळा अधिकार दिला आहे. ऑक्सिजन ९४ च्या खाली किंवा श्वासाचा वेग मिनिटाला २४ च्या वर असेल तर स्कोअर न बघता थेट डॉक्टरकडे. ऑक्सिमीटर लावताना नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, किंवा पावसात भिजून बोटं गार पडली असतील, तर आकडा भरवशाचा नसतो. बोट पुसून, चोळून गरम करायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. सावळ्या त्वचेवर यंत्र प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, हे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून पुढे आलं. त्यामुळे ९४-९५ असेल तर सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजायचं.

५ जून

वासाच्या प्रश्नावर दिवस गेला. तो जायलाच हवा होता, कारण कोविडच्या पहिल्या लाटांत एकट्या लक्षणात सगळ्यात जास्त वजन याच प्रश्नाचं होतं.

सरावाच्या फॉर्मवर 'चव जाते का?' असं छापलं होतं. तापातला माणूस 'तोंडाला चव न्हाई' म्हणतोच, मग ताप डेंग्यूचा असो, टायफॉइडचा असो की साधा. ती भूक मेल्याची तक्रार आहे, आणि 'हो'चा रकाना तिनेच भरत होता. प्रश्न बदलला: 'जेवणात मीठ कमी-जास्त झालेलं कळतं का? चहातली साखर कळते का?' तिखटाबद्दल विचारायचं नाही. झणका चेहऱ्याच्या संवेदनेच्या वेगळ्या नसेतून जातो. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही तांबडा रस्सा झोंबतो, आणि तो 'सगळं कळतंय की' सांगून मोकळा होतो.

वासाचं तसंच. विक्स, निलगिरी, कापूर, चिरलेला कांदा आणि कांदा-लसूण मसाला यातलं काहीही चाचणीला वापरायचं नाही. ते नाकाला झोंबतात, आणि झोंबणं म्हणजे वास येणं नव्हे. ठरवलेली पद्धत अशी:

कागदाच्या दोन पुड्या. एकीत चिमूटभर कॉफी पूड, दुसरीत तेवढाच रवा. उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूने उभं राहून. रुग्णाचे डोळे मिटलेले. मास्क नाकाखाली घ्यायचा, पुडी नाकापासून दोन बोटांवर धरायची आणि दोन श्वास घेऊ द्यायचे. 'कुठल्या पुडीला वास होता, पहिल्या की दुसऱ्या?' असं विचारायचं, 'वास येतो का?' असं नाही. पुड्यांचा क्रम प्रत्येक वेळी बदलायचा. एका माणसासाठी उघडलेली पुडी दुसऱ्याला नाही, ती थेट पिवळ्या पिशवीत.

हा सोपस्कार सगळ्यांना करायचा नाही. 'वास येतो का' या प्रश्नाला 'ठाऊक नाही' किंवा 'कमी येतो' असं उत्तर आलं तरच. नाक चोंदलंय का, हे वेगळ्या रकान्यात. चोंदलेल्या नाकाने वास न येणं आणि मोकळ्या नाकाने न येणं यांचं वजन सारखं नाही.

मशेरी लावणाऱ्या बायकांनी सकाळच्या मशेरीनंतर लगेच चवीचं उत्तर दिलं तर ते धरायचं नाही. चूळ भरून थोड्या वेळाने विचारायचं.

९ जून

तापमान. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर कोल्हापूरच्या जूनमध्ये किती प्रकारे चुकतो याची यादी भिंतीवर लावली:

कपाळ ओलं असेल (पाऊस, घाम) तर आकडा खाली येतो. हेल्मेट आत्ताच काढलं असेल किंवा चुलीपाशी बसून आलेला असेल तर वर जातो. यंत्र 'सरफेस' मोडवर असेल तर बत्तीस-तेहतीस असा हास्यास्पद आकडा येतो आणि घाईत तसाच लिहिला जातो. एसीच्या खोलीतून काढून लगेच बाहेर वापरलं तर यंत्रच भरकटतं, त्याला अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवावं लागतं. बॅटरी उतरली की आकडे उड्या मारतात.

उपाय सोपे आहेत. कपाळ कोरडं करून, पाच मिनिटं सावलीत बसवून, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून दोनदा मोजायचं. दोन आकड्यांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला तर काखेत डिजिटल थर्मामीटर. एकक छापूनच दिलं आहे, फॅरेनहाइट. तरीही कुणी ३८ लिहिलं तर संगणकात ४५ खालचा आकडा सेल्सिअस मानून बदलायचा नियम घातला आहे.

त्याच ओळीत 'मागच्या सहा तासांत तापाची गोळी घेतली का?' हे हवंच. पॅरासिटामॉल घेऊन आलेल्याचा ९८.६ आणि गोळी न घेतलेल्याचा ९८.६ यात फरक आहे. मॉडेलमध्ये (उत्तरांवरून शक्यता काढणाऱ्या सूत्रात) 'मोजलेला ताप' आणि 'मागच्या तीन दिवसांत ताप जाणवला' असे दोन स्वतंत्र घटक ठेवले. तापाची सीमा १००.४, कारण जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसदृश आजाराची व्याख्या तीच वापरते: ३८ सेल्सिअस किंवा जास्त ताप, खोकला, आणि सुरुवात मागच्या दहा दिवसांत.

१२ जून

संपर्क. 'बाधिताच्या संपर्कात आला होता का?' या एका प्रश्नात चार वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, म्हणून पायऱ्या केल्या: ० कुणी नाही, १ एका गाडीत, कामावर, शेजारी (एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटं), २ एकाच घरात झोपणं-जेवणं, ९ माहीत नाही. ९ आणि ० एकत्र करायचे नाहीत.

ठिकाणं इथलीच छापली. वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी), दूध संस्थेची सकाळ-संध्याकाळची रांग, तालीम, लूम किंवा फौंड्रीची पाळी, लग्न, मर्तिक. 'बंदिस्त जागेत संपर्क' असं विचारलं की माणूस बुचकळ्यात पडतो. वडापमध्ये कितीजण होते असं विचारलं की लगेच आकडा सांगतो.

लक्षणं सुरू झाल्याची तारीख लिहायची, 'चार दिवस झाले' असं नाही. फॉर्म संगणकात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतो आणि ते चार दिवस नेमके कुठून मोजायचे ते कुणालाच सांगता येत नाही. आठवत नसेल तर आठवडी बाजार, उपवासाचा वार, कारखान्याची सुट्टी अशा खुणा विचारून तारखेपर्यंत पोचायचं.

१६ जून

'संसर्ग आहे' हे ठरवणार कोण? मॉडेलला शिकवताना उत्तर म्हणून जी चाचणी देतो तीच सदोष असेल तर मॉडेलही तेच शिकतं.

रॅपिड अँटिजेन एकटी उत्तर म्हणून घ्यायची नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) जून २०२० मध्ये मान्यता दिलेल्या पहिल्या किटच्या मूल्यमापनात संवेदनक्षमता (बाधितांपैकी किती पकडले) ५०.६ ते ८४ टक्के आणि विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह आले) ९९.३ ते १०० टक्के निघाली होती. म्हणजे पॉझिटिव्ह आली तर बहुतेक खरी, निगेटिव्ह आली तर काही सांगता येत नाही. लक्षणं असलेल्या निगेटिव्ह माणसाची आरटी-पीसीआर करा हा नियम त्यातूनच आला. रॅपिड निगेटिव्ह आणि पुढे आरटी-पीसीआर झालीच नाही, अशा नोंदी शिकवणीतून बाजूला ठेवायच्या. त्यांना 'संसर्ग नाही' म्हणायचं नाही. पट्टी पंधरा मिनिटांनी वाचायची, अर्ध्या तासानंतर नाही. उशिरा उमटलेली फिकट रेघ मोजली की खोटे पॉझिटिव्ह वाढतात.

आरटी-पीसीआरही दिवसावर अवलंबून आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२० मध्ये सात अभ्यास एकत्र करून दाखवलं की संसर्ग असूनही निगेटिव्ह येण्याची शक्यता लक्षणं सुरू होतात त्या दिवशी सरासरी ३८ टक्के आणि त्यानंतर तीन दिवसांनी २० टक्के असते. त्यामुळे लक्षणाच्या पहिल्याच दिवशी घेतलेला निगेटिव्ह नमुना हा कच्चा निगेटिव्ह. शक्य असेल तिथे तीन दिवसांनी दुसरा नमुना, नसेल तर नोंदीवर खूण.

सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसेपर्यंत आरटी-पीसीआर यंत्राला लागलेल्या फेऱ्या) उत्तर म्हणून वापरा अशी सूचना आली, ती नाकारली. आयसीएमआरने ३५ ची सीमा दिली असली तरी वेगवेगळ्या किटची, यंत्रांची आणि नमुना घेणाऱ्या हातांची सीटी एका फूटपट्टीवर बसत नाही. हो-नाही एवढंच घ्यायचं.

२० जून

ही नोंद लांबणार. जुन्या निनावी नोंदींवर कुठलंही मॉडेल बसवलं की सिगारेट, बिडी आणि दमा हे 'संरक्षक' निघतात. तंबाखू ओढणाऱ्याला कोविड कमी होतो असा निष्कर्ष २०२० मध्ये जगभर फिरला, आणि तो मुख्यतः कुणाची चाचणी झाली याचा परिणाम होता.

इथल्या उदाहरणावर बघू. शिरोली एमआयडीसीतला फौंड्री कामगार वाळूच्या धुळीत काम करतो, त्याला वर्षभर खोकला असतो. गुऱ्हाळावर चुलाणात जाळ घालणाऱ्याला धुरामुळे असतो. साथ सुरू झाली की 'खोकला आहे, तपासून या' म्हणून दोघांनाही मुकादम पाठवतो. दोघेही बहुतेक निगेटिव्ह येतात, कारण त्यांचा खोकला जुना. ज्याला कधीच खोकला नसतो असा शिक्षक मात्र खोकला आला तरच येतो किंवा घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर येतो, आणि पॉझिटिव्ह येण्याची शक्यता जास्त घेऊन येतो. नोंदवहीत मग फौंड्री = निगेटिव्ह, शाळा = पॉझिटिव्ह असं चित्र दिसतं. फौंड्रीतली धूळ विषाणू मारते असा याचा अर्थ नाही. दारातून आत कोण आलं यावर हे चित्र बेतलेलं आहे.

याचे दोन परिणाम. पहिला: धूम्रपान, दमा, व्यवसाय यांची वजनं कारण म्हणून कुठल्याही पोस्टरवर, बातमीत किंवा सादरीकरणात जाणार नाहीत. दुसरा: खोकल्याचा प्रश्न बदलला. 'खोकला आहे का?' ऐवजी 'नेहमीपेक्षा वेगळा किंवा नवा खोकला आहे का? कधीपासून?' असा. जुन्या खोकल्याला वेगळा रकाना. एवढ्याने बराच गोंधळ उगमापाशीच थांबतो. संख्याशास्त्राने नंतर तो पूर्ण काढता येत नाही.

हाच सापळा प्रवासाच्या प्रश्नातही आहे. मार्च २०२० पर्यंत चाचणीच मुळात परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची होत होती. त्या काळातल्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला 'परदेश प्रवास' हा जबर घटक वाटतो, आणि महिन्याभरात तो निरुपयोगी होतो. मॉडेल रोग शिकलेलं नसतं, त्या महिन्याचं परिपत्रक शिकलेलं असतं. यासाठी प्रत्येक नोंदीला 'चाचणी का झाली' हा रकाना बंधनकारक केला: लक्षणं, संपर्क, शस्त्रक्रियेआधी, कामावर रुजू होण्यासाठी, सर्वेक्षण. हा रकाना रिकामा असलेली नोंद शिकवणीत घ्यायची नाही.

२४ जून

रिकामे रकाने. यात सगळ्यात घातक आहे तो आपोआप भरलेला 'नाही'. ॲपमध्ये प्रत्येक लक्षणापुढे आधीच 'नाही' निवडलेलं असेल तर विचारलंच नाही आणि विचारून नाही आलं यातला फरक कायमचा पुसला जातो. वर आणखी एक: रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर फोन करून लक्षणं नीट विचारली जातात, निगेटिव्हवाल्याला कुणी फोन करत नाही. मग डोकेदुखी, घसादुखी ही लक्षणं पॉझिटिव्हमध्येच जास्त नोंदली जातात आणि मॉडेलला ती सोन्यासारखी वाटतात. इस्रायलच्या आरोग्य खात्याच्या खुल्या नोंदींवर बांधलेलं आठ प्रश्नांचं मॉडेल (लिंग, साठीपुढचं वय, संपर्क आणि पाच लक्षणं) ०.९० चा एयूसी (बाधित आणि बाधित नसलेले वेगळे ओळखण्याचा आकडा, १ म्हणजे अचूक) दाखवतं, पण नोंदीतला हा कल त्याच्या लेखकांनी स्वतःच मांडला आहे.

नियम: फॉर्म नमुना घेण्याआधी भरून बंद. रिपोर्टनंतर आलेली माहिती वेगळ्या पानावर. तीन पर्याय, हो / नाही / विचारलं नाही, आणि आधीपासून काहीही निवडलेलं नाही.

खरोखर सुटलेल्या उत्तरांसाठी मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे बाकीच्या उत्तरांवरून रिकामी जागा अनेकदा अंदाजाने भरून बघणं. सुटलेल्या ओळी सरसकट गाळल्या तर दुपारच्या गर्दीतले रुग्ण गाळले जातात, आणि गर्दीत येणारे सकाळी निवांत येणाऱ्यांसारखे नसतात.

३० जून

मॉडेल. लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक उत्तराला वजन देऊन बेरजेवरून शक्यता काढणारं सूत्र), रिजच्या आवळणीसह, म्हणजे वजनं फुगू न देता. न्यूरल नेटवर्कची गरज नाही. बारा-पंधरा हो-नाही उत्तरांतून त्याला वेगळं काही सापडत नाही आणि सिस्टरला कागदावर बेरीज करता येत नाही.

किती नोंदी लागतील? प्रत्येक वजनामागे निदान दहा पॉझिटिव्ह हा जुना ठोकताळा. बारा वजनं म्हणजे १२० पॉझिटिव्ह. बाधितांचं प्रमाण ४ टक्के असेल तर त्यासाठी ३००० माणसं तपासावी लागतील. आणि हा ठोकताळा कमीच पडतो, खरा हिशेब प्रमाण आणि अपेक्षित अचूकता धरून वेगळा करायचा. पडताळणीच्या गटात निदान १०० पॉझिटिव्ह वेगळे हवेत.

मांडणी समजावी म्हणून २०२० मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेलं लंडनच्या गटाचं सूत्र फळ्यावर सोडवलं. ते ब्रिटनमधल्या मोबाइल ॲप वापरणाऱ्यांच्या उत्तरांवर बांधलेलं आहे:

लॉग-ऑड्स (शक्यता ÷ उरलेली शक्यता, याचा नैसर्गिक लॉगॅरिदम) = −१.३२ − (०.०१ × वय) + (०.४४ पुरुष असल्यास) + (१.७५ वास-चव गेल्यास) + (०.३१ सततचा खोकला) + (०.४९ जबर थकवा) + (०.३९ जेवण टाळलं)

चाळीस वर्षांची बाई, फक्त वास गेलेला: −१.३२ − ०.४० + १.७५ = ०.०३, शक्यता ५१ टक्के. चाळिशीचा पुरुष, खोकला, थकवा, जेवण नाही, वास मात्र शाबूत: −१.३२ − ०.४० + ०.४४ + ०.३१ + ०.४९ + ०.३९ = −०.०९, शक्यता ४८ टक्के. चार खुणा एकत्र येऊनही एका वासाची बरोबरी झाली नाही.

वयाचं वजन उणे आहे हे पाहून 'म्हाताऱ्यांना कमी होतो का?' असा प्रश्न आलाच. २० जूनची नोंद वाचावी. ॲप वापरून चाचणी केलेल्या वयस्कांचा तो गट आहे, गावातल्या म्हाताऱ्यांचा नव्हे. आपल्याकडे वय सरळ रेषेत न घालता वळणदार वक्राने घालायचं, आणि नोंदीतल्या गोल वयांची (४०, ४५, ५०) गर्दी बघून आधारकार्डावरून जन्मवर्ष घ्यायचं.

कागदी कार्डासाठी लक्षणांच्या वजनांना त्यांतल्या सगळ्यात लहान वजनाने भागून पूर्णांक करायचे. वरच्या सूत्रात १.७५ ला ०.३१ ने भागलं की ५.६, म्हणजे ६ गुण. थकवा १.६, म्हणजे २. खोकला १. जेवण टाळणं १.३, म्हणजे १. गोळाबेरजेत थोडं हरवतं. ते किती हरवतं हे मूळ सूत्राशी ताडून बघायचं आणि कार्डाच्या मागे छापायचं.

४ जुलै

आज फक्त बाधितांच्या प्रमाणाचा हिशेब. हाच भाग सगळीकडे वगळला जातो आणि इथेच स्कोअर मोडतो.

लंडनच्या गटाच्या त्याच अभ्यासात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी आणि निगेटिव्हपैकी सुमारे २२ टक्क्यांनी वास-चव गेल्याचं सांगितलं होतं. म्हणजे हे लक्षण असेल तर पारडं जवळपास तिपटीने झुकतं. ओपीडीत येणाऱ्यांत बाधित ४० टक्के असतील तर लक्षणानंतर शक्यता ६६ टक्के होते. बाधित ५ टक्केच असतील तर तेच लक्षण, तोच माणूस, शक्यता १३ टक्के.

२०२१ च्या जून-जुलैमध्ये राज्यात दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूरचा पॉझिटिव्हिटी दर मात्र चढाच होता. मुंबईचा तेव्हाचा स्कोअर इथे उचलून वापरला असता तर इथली शक्यता सरसकट कमी दाखवली असती. उलटही होतं. म्हणून सूत्रातला पहिला स्थिरांक (लंडनच्या सूत्रात −१.३२ होता तो) दर आठवड्याला, केंद्रवार बदलायचा. ३० टक्के प्रमाणावर शिकलेलं मॉडेल ५ टक्क्यांच्या आठवड्यात वापरायचं तर स्थिरांकातून २.१ वजा करायचे (लॉग-ऑड्स −०.८५ वरून −२.९४). ज्याला आधी ४० टक्के दाखवत होतं त्याला आता साडेसात टक्क्यांच्या आसपास दाखवेल. इचलकरंजी आणि गगनबावडा यांचा स्थिरांक एक असू शकत नाही.

रॅपिडच्या निगेटिव्हचं तसंच. समजा संवेदनक्षमता ६० टक्के, विशिष्टता ९९.५, माणसं १०००. बाधित २ टक्के असतील तर निगेटिव्ह ९८३ जणांत ८ बाधित सुटतात. ३० टक्के असतील तर ८१६ निगेटिव्हमध्ये १२० सुटतात, साधारण सातामागे एक. किट तेच, आणि एका आठवड्यात घरी सोडता येतं, दुसऱ्यात येत नाही.

वजनंही कायम राहत नाहीत. ओमिक्रॉन आला तेव्हा ब्रिटनच्या त्याच ॲपमध्ये वास गेल्याचं प्रमाण डेल्टाच्या ५२.७ टक्क्यांवरून १६.७ वर आलं आणि घसादुखी वाढली. स्थिरांक बदलून हे भरून निघत नाही, वजनं नव्याने काढावी लागतात. पडताळणीही त्यामुळे काळानुसार करायची: आधीच्या महिन्यांवर शिकवायचं, पुढच्या महिन्यांवर तपासायचं. नोंदी पत्त्यांसारख्या पिसून अर्ध्या-अर्ध्या केल्या की निकाल छान दिसतो आणि पुढच्या लाटेत पडतो.

८ जुलै

परवा आषाढी झाली. नंदवाळच्या दिंडीत गेला होता का, हा प्रश्न फॉर्मात घालून पाहिला आणि काढला. आसपासच्या गावांत जवळपास सगळेच 'हो' म्हणतात. सगळ्यांचं उत्तर एकच असेल तर त्या प्रश्नाने निवड होत नाही. मेळा संपर्क म्हणून नोंदवायचा तर 'तिथे कुणाशेजारी झोपलात, कुणासोबत जेवलात' इथपर्यंत जावं लागतं, आणि तेवढा वेळ दारात नाही.

पावसाचा मात्र विचार करावा लागला. पंचगंगेला पाणी आलं की ओपीडीत ताप तिप्पट कारणांनी येतो. २०२१ च्या जुलैत महापूर आणि कोविड एकाच वेळी होते. अशा आठवड्यात नुसत्या तापाचं वजन घसरतं. फॉर्ममध्ये चार उलट दिशेचे प्रश्न घातले: डोळ्यांच्या मागे दुखणं आणि अंगावर पुरळ (डेंग्यूकडे), पोटऱ्या दाबल्यावर कळ आणि पुराच्या किंवा शेतातल्या साचल्या पाण्यात उघड्या पायाने वावर (लेप्टोस्पायरोसिसकडे). त्यांना उणे गुण. पण उणे गुण म्हणजे 'कोविड नाही' असं नव्हे. 'दुसरी तपासणीही लिहा' अशी सूचना कार्डावर त्यांच्यापुढेच छापली आहे. दोन्ही एकदम असू शकतात.

११ जुलै

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) घालायचा का? पांढऱ्या पेशींतले लिम्फोसाइट कमी होणं आणि इओसिनोफिल जवळपास शून्यावर जाणं हे कोविडमध्ये वारंवार दिसलं आहे, आणि सीबीसी स्वस्त आहे. अडचण यंत्राची. छोट्या रुग्णालयांतली बरीच यंत्रं थ्री-पार्ट आहेत. ती इओसिनोफिल वेगळे मोजत नाहीत, मोनोसाइटसोबत 'मिड' मध्ये टाकतात. फाइव्ह-पार्ट यंत्र असेल तिथेच हा घटक, आणि दारातल्या स्कोअरमध्ये नाहीच. दुसऱ्या पायरीला.

१५ जुलै

कमी स्कोअरवाल्यांचं काय करायचं याला चांगला उपयोग सापडला: पूलिंग. पाच नमुने एकत्र तपासायचे, पॉझिटिव्ह आला तरच सुटे. दरमाणशी लागणाऱ्या चाचण्या = १/५ + १ − (१ − प्रमाण)^५. प्रमाण २ टक्के असेल तर ०.३०, म्हणजे शंभर माणसांना तीस चाचण्या. ५ टक्क्यांना ०.४३. १० टक्क्यांना ०.६१. आयसीएमआरने एप्रिल २०२० मध्ये पाचाचीच मर्यादा घातली होती आणि ५ टक्क्यांच्या वर पूलिंग नको म्हटलं होतं.

ओपीडीचं एकूण प्रमाण १० टक्के असलं तरी स्कोअरने रांग दोन भागांत विभागली की खालच्या भागाचं प्रमाण ५ च्या आत येऊ शकतं. तेवढाच भाग पूलमध्ये, वरचा सुटा. एक गोष्ट: पूल करताना एका घरातले पाचजण एका नळीत घालायला हरकत नाही, उलट फायदाच आहे, कारण घरातले पॉझिटिव्ह एकत्र पडतात आणि बाकीच्या नळ्या स्वच्छ राहतात.

१८ जुलै

सीमा. एयूसी पाहून सीमा ठरत नाही, हातातल्या किटवरून आणि चूक कोणती महाग यावरून ठरते. तीन पट्टे ठरले:

वरचा पट्टा: लगेच वेगळं बसवायचं, थेट आरटी-पीसीआर. यांच्यावर रॅपिड वाया घालवायची नाही. निगेटिव्ह आली तरी आपण मानणार नाही.

मधला: रॅपिड. पॉझिटिव्ह तर तिथेच निर्णय, निगेटिव्ह तर आरटी-पीसीआर.

खालचा: पूल, किंवा किट नसतील तर चाचणीविना घरी. सोबत चिठ्ठी: वास गेला, धाप लागली किंवा ताप तीन दिवसांहून पुढे गेला तर परत या. चिठ्ठीवर केंद्राचा फोन आणि आजची तारीख.

उजवी चौकट, म्हणजे ऑक्सिजन आणि श्वास, तिन्ही पट्ट्यांच्या वर.

सीमेचे आकडे कार्डावर छापायचे नाहीत, पेन्सिलीने लिहायची जागा सोडायची. दर सोमवारी आधीच्या आठवड्याचं केंद्राचं प्रमाण काढून ते बदलतील. कार्ड ए-५ आकाराचं, जाड पिवळ्या कागदावर, लॅमिनेशन न करता, कारण लॅमिनेटवर पेन्सिल उमटत नाही. पावसासाठी प्लॅस्टिकचं पाकीट वेगळं. मागच्या बाजूला आवृत्ती, वजनं कुठल्या महिन्यांच्या नोंदींवर काढली ते महिने, आणि 'तीन महिन्यांनंतर वापरू नये' ही ओळ. नैतिकता समितीकडे अर्ज गेला आहे. त्यांची परवानगी येईपर्यंत फॉर्म फक्त बनावट नोंदींवर चालवायचा, खऱ्या रुग्णाचं नाव-नंबर कुठल्याही फाइलीत येता कामा नये. पुढचं काम: शाहूवाडी आणि शिरोळच्या केंद्रांसाठी स्थिरांकाचा तक्ता, आणि पुड्यांसाठी कॉफी पूड कोरड्या डब्यात भरून ठेवणं. दमट हवेत ती गोळा होते आणि वास मंदावतो.